चेन्नईतील खासगीपणाची तीस वर्षे

खासगीपणाचा हक्क भारतात ज्या मोजक्या निकालांवर उभा आहे, त्यांतला एक मद्रासच्या 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकामुळे लागला. खुनांच्या मालिकेबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरने चेंगलपट्टूच्या तुरुंगात आत्मचरित्र लिहिले. पोलीस व प्रशासनातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी आपले लागेबांधे होते, असे त्याचे म्हणणे. ते क्रमशः छापण्याची घोषणा 'नक्कीरन'ने केली आणि जून 1994 मध्ये तुरुंग खात्याच्या महानिरीक्षकांचे पत्र येऊन धडकले: हे लिखाण खोटे आहे, छापू नये. संपादक आर. राजगोपाल थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने 7 ऑक्टोबर 1994 रोजी निकाल दिला. छापण्याआधीच लेखणी रोखण्याचा अधिकार सरकारला नाही, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग अधिक दूरवर पोहोचला. नागरिकाला स्वतःचे, कुटुंबाचे, विवाहाचे, मातृत्वाचे, मुलांचे खासगीपण जपण्याचा हक्क आहे आणि तो घटनेच्या 21व्या कलमातल्या जीविताच्या हक्कातच सामावलेला आहे, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाच्या नोंदींसारख्या सार्वजनिक दप्तरात जे आहे ते छापता येईल. मात्र लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीचे नाव त्यालाही अपवाद. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, तेव्हा ज्या जुन्या निकालांचा आधार होता त्यांत हा एक होता.

1994 मध्ये खासगीपणाला धोका होता तो छापखान्याचा आणि सरकारी फायलीचा. पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्या पहिल्या शहरांत मद्रास होते. 1996 मध्ये शहराचे नाव चेन्नई झाले. 2002 मध्ये चेन्नई ते सिंगापूर ही समुद्राखालची नवी केबल सुरू झाली आणि मुंबईखालोखाल हे शहर देशाच्या डेटाचे बंदर बनले. 1871च्या सुमाराला तारायंत्राची केबल याच किनाऱ्यावरून पेनांगकडे गेली होती.

माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी लागू झाला. या कायद्याच्या 67व्या कलमाखाली देशात पहिली शिक्षा झाली असे ज्या खटल्याबद्दल सांगितले जाते, तो चेन्नईतलाच. घटस्फोट झालेल्या एका स्त्रीबद्दल याहूच्या एका ग्रुपमध्ये अश्लील, बदनामीकारक मजकूर टाकला गेला. तिच्या नावाने खोटे ई-मेल खाते उघडून तिथूनही मजकूर फिरवला गेला. त्यावर विश्वास ठेवून अनोळखी पुरुष तिला फोन करू लागले. आरोपी तिच्या ओळखीतलाच होता. तिने लग्नाला नकार दिला होता. फेब्रुवारी 2004 मध्ये तिने फिर्याद दिली. चेन्नई पोलिसांनी काही दिवसांतच त्याला मुंबईत पकडले आणि 24 मार्चला दोषारोपपत्र दाखल केले.

या खटल्यात खरा पेच पुराव्याचा होता. मजकूर कोणाच्या हस्ताक्षरात नव्हता, सही नव्हती, कागदही नव्हता. बचाव पक्षाने म्हटले, हे तिच्या पहिल्या नवऱ्याने केले असेल, नाही तर तिनेच. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हते. लोक तासावर पैसे मोजून सायबर कॅफेत बसत. म्हणून कॅफेचालकांच्या साक्षी झाल्या. नेटवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून तो भारतीय पुरावा कायद्याच्या 65-ब कलमाप्रमाणे प्रमाणित करण्याचे काम सायबर कायद्याचे अभ्यासक ना. विजयशंकर यांनी केले. संगणकावरच्या मजकुराला न्यायालयात कागदपत्राचा दर्जा मिळवून देण्याची ही पद्धत तेव्हा नवीच होती. 5 नोव्हेंबर 2004 रोजी एग्मोरच्या अतिरिक्त मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला दोषी ठरवले. 67व्या कलमाखाली दोन वर्षे कैद आणि चार हजार रुपये दंड. दोषारोपपत्रापासून निकालापर्यंत जेमतेम साडेसात महिने लागले. इतका वेग पुढच्या वीस वर्षांत क्वचितच दिसला.

त्या स्त्रीला दाद मिळाली, कारण त्रास देणारा एक होता, हाती लागला होता आणि मजकूर एका ठिकाणी होता. जुलै 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर एका महिला वकिलाची तक्रार आली, तेव्हा चित्र पालटलेले होते. तिचे खासगी क्षण टिपलेली चित्रफीत अनेक संकेतस्थळांवर पसरली होती. न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ती 48 तासांत काढायला सांगितले. पण एका जागेवरून काढलेली चित्रफीत दुसऱ्या जागी वर येत राहिली.

पैशाच्या फसवणुकीचा पहिला मोठा निवाडाही तामिळनाडूच्या खात्यावर जमा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दिवाणी नुकसानभरपाईसाठी न्यायनिर्णय अधिकारी असतो आणि प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हे काम पाहतो. ही तरतूद फार थोड्या लोकांना ठाऊक असते. अबू धाबीत नोकरी करणाऱ्या एका तमिळ खातेदाराला सप्टेंबर 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या नावाने ई-मेल आला. त्यात मागितलेला तपशील त्याने भरला आणि खात्यातून सुमारे साडेसहा लाख रुपये गेले. चूक ग्राहकाचीच, त्याने गुप्त माहिती दुसऱ्याला का दिली, हे बँकेचे म्हणणे. आजही बँकांचे पहिले उत्तर हेच असते. राज्याचे सचिव पी. डब्ल्यू. सी. डेव्हिडार यांनी ते मानले नाही. बँकेने ग्राहकाच्या रक्षणासाठी पुरेशी काळजी घेतली नव्हती, असे ठरवून त्यांनी 12 एप्रिल 2010 रोजी 12 लाख 85 हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

ही वाट महाराष्ट्रातही रुळली. माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी 2013 मध्ये पुण्याच्या एका उद्योजकाला पंजाब नॅशनल बँकेकडून 45 लाख रुपये देववले. पण अपिलाची वाट मध्येच तुटली. सायबर अपिलीय न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद 2011 पासून रिकामे राहिले, ते 2017 मध्ये हे न्यायाधिकरण दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन होईपर्यंत. सहा वर्षे देशभरची अपिले तशीच पडून होती. सायबर गुन्ह्यांबद्दल एवढी चर्चा करणाऱ्या देशाने एक खुर्ची सहा वर्षे भरू नये, ही मोठी हेळसांड होती.

सरकारकडे साठलेल्या माहितीचे प्रकरण याहून वेगळे. तामिळनाडूत रेशन सर्वांसाठी आहे, त्यामुळे शिधापत्रिकेच्या यादीत जवळजवळ प्रत्येक घर येते. 2021 मध्ये सार्वजनिक वितरण व्यवस्थेतल्या सुमारे 49 लाख लोकांची माहिती, आधार क्रमांकांसह, हॅकरांच्या बाजारात मांडलेली आढळली. मे 2024 मध्ये राज्य पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेत घुसखोरी झाली. पोलिसांच्या खुलाशानुसार एका अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड चोरीला गेला होता. संशयित शोधण्यासाठी लोकांचे चेहरे गोळा करणाऱ्या यंत्रणेचे कुलूप एका पासवर्डावर होते. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

राज्याच्या दक्षिण टोकाला कुडनकुलम अणुवीजकेंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात 2019 मध्ये 'डीट्रॅक' हा घातक प्रोग्राम सापडला. आधी इन्कार झाला. 30 ऑक्टोबरला मुंबईच्या अणुऊर्जा महामंडळाने असा प्रोग्राम सापडल्याचे मान्य केले. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा या जाळ्यापासून वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही.

चेन्नईत तयार होणारे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते आणि त्यातली फट जगभर भोवते. झोहो कंपनीच्या पासवर्ड सांभाळणाऱ्या एका प्रॉडक्टमध्ये दोष आढळला आणि सप्टेंबर 2021 मध्ये कंपनीने दुरुस्ती पाठवली. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने ती वेळेत बसवली नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच फटीतून हल्लेखोर शिरले आणि जानेवारी 2022 मध्ये उघड झाले की युद्धात, स्थलांतरात ताटातूट झालेल्या 5 लाख 15 हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यांच्या हाती पडली होती. आप्तांचा शोध लागावा म्हणून त्या लोकांनी विश्वासाने दिलेली ती माहिती होती.

सुरक्षितता आणि खासगीपण यांची सरळ टक्कर मद्रास उच्च न्यायालयातच झाली. 2018 मध्ये दोन याचिका आल्या: नेटवरचा छळ थांबवायचा तर प्रत्येक खाते आधारशी किंवा दुसऱ्या सरकारी ओळखपत्राशी जोडा. आधारची मागणी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मागे पडली आणि वाद व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज मुळात कोणी पाठवला, हे शोधण्याकडे वळला. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी सुचवले, प्रत्येक मेसेजसोबत पहिल्या पाठवणाऱ्याचा क्रमांक जोडावा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी याला विरोध केला: अट्टल गुन्हेगार त्यातून निसटेल आणि साधा माणूस सापडेल. ऑक्टोबर 2019 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. फेब्रुवारी 2021च्या केंद्रीय नियमांत मूळ पाठवणारा शोधण्याची अट आलीच. एका छळाचा बंदोबस्त करायला निघालेल्या याचिकेने सर्वांच्या बंद पाकिटांपर्यंत हात नेला होता.

तीस वर्षांच्या या प्रवासात सर्वांत मोठा फटका बसला तो चेन्नईच्या नुंगम्बाक्कममध्ये मुख्यालय असलेल्या स्टार हेल्थ या कंपनीला. 2006 मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली केवळ आरोग्यविमा विकणारी कंपनी. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याकडच्या माहितीवर कोणी हात मारल्याचा दावा होत आहे, असे कंपनीने शेअर बाजाराला कळवले. मोठी गळती झालेली नाही, असे तिचे म्हणणे होते. 20 सप्टेंबरला रॉयटर्सने बातमी दिली की 'झेनझेन' नावाने वावरणाऱ्या हॅकरने टेलिग्रामवर चॅटबॉट चालू केले असून त्यावर मागेल त्याला विमाधारकांचे कागद मिळत आहेत. 3 कोटी 10 लाख ग्राहकांची 7.24 टेराबाइट माहिती आपल्याकडे असल्याचा त्याचा दावा होता.

रॉयटर्सने उतरवून घेतलेल्या दीड हजारांवर फायलींमध्ये नावे, पत्ते, फोन, ओळखपत्रांच्या प्रती, तपासण्यांचे अहवाल होते. केरळमध्ये उपचार घेतलेल्या एका वर्षाच्या मुलीचे निदान, रक्ततपासणी, आजाराचा पूर्वेतिहास आणि सुमारे पंधरा हजारांचे बिल त्यांत होते. बातमीदाराने दाखवल्यावर तिच्या वडिलांनी कागद खरे असल्याचे सांगितले. कंपनीकडून त्यांना काहीही कळवण्यात आलेले नव्हते.

कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि टेलिग्राम, क्लाउडफ्लेअर व हॅकरविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. 9 ऑक्टोबरला तिने हल्ला झाल्याचे मान्य केले. हॅकरने 68 हजार डॉलर खंडणी मागितल्याचेही पुढे सांगितले. 2025 मध्ये त्याच हॅकरने रॉयटर्सकडे दावा केला की कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नावे चेन्नईच्या मुख्यालयात बंदुकीच्या गोळ्या असलेली पार्सले आपणच पाठवली.

इथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी. 1994 मध्ये न्यायालयात संपादक गेला, 2004 मध्ये ती स्त्री, 2007 नंतर खातेदार. 2024 मध्ये न्यायालयात गेली ती माहिती सांभाळू न शकलेली कंपनी. ज्यांचे आजार बाजारात आले ते लोक त्या दाव्यात कुठेच नव्हते. संगणक सुरक्षेची राष्ट्रीय संस्था सर्ट-इन हिच्या एप्रिल 2022च्या आदेशाप्रमाणे हल्ला कळताच सहा तासांत तिला कळवावे लागते. ज्याची माहिती गेली त्याला कळवण्याबद्दल त्यात काही नाही.

ही उणीव डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा भरून काढतो. ऑगस्ट 2023 मध्ये तो झाला आणि नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये. माहिती फुटली तर प्रत्येक बाधित व्यक्तीला विलंब न लावता, सोप्या भाषेत कळवणे बंधनकारक होईल. सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र हाच कायदा माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 43-अ कलम काढून टाकतो. माहिती निष्काळजीपणे सांभाळणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्याचा आधार नागरिकाला त्या कलमात होता. 2010 मध्ये डेव्हिडार यांनी ठरवलेली रक्कम खातेदाराला द्यायची होती. नव्या कायद्यातला दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होईल. हे एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे आहे, आणि मागे पडलेले पाऊल सामान्य माणसाचे आहे. बाधितांना कळवण्याची सक्ती नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, मे 2027 मध्ये लागू होते.