मूकचित्रपटांतील स्वामित्वमुद्रा

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर झळकणारे निर्मितीसंस्थेचे चिन्ह आता प्रेक्षकांच्या अंगवळणी पडले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र ते कथेच्या आधी येऊन थांबत नसे. प्रत्यक्ष दृश्यात, दिवाणखान्याच्या भिंतीवर वा रंगविलेल्या नेपथ्याच्या कोपऱ्यात, ते टांगलेले असे. पाते यांचा कोंबडा, जॉर्ज मेलिएस यांच्या ‘स्टार फिल्म’चा तारा, अमेरिकेतील बायोग्राफची वर्तुळातील ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे, यांपैकी कशाचाही कथेशी काडीमात्र संबंध नव्हता. (कोंबड्याची निवड मोठी मार्मिक होय. लॅटिनमधील ‘गाल्लुस’ या शब्दाचे कोंबडा आणि गॉलदेशीय असे दोन अर्थ होतात. त्या श्लेषातूनच हा पक्षी फ्रान्सचे प्रतीक बनला.)

याचे मूळ चौर्यात आहे. विकत घेतलेल्या प्रतीवरून नवी निगेटिव्ह काढणे अवघड नव्हते, आणि शीर्षकाचा तुकडा कापला की निर्मात्याचे नाव नाहीसे होई. दृश्यातील चिन्ह पुसावयाचे तर ते प्रत्येक चौकटीवरून पुसावे लागे, आणि एका सेकंदात अशा सुमारे १६ चौकटी सरत. फिलाडेल्फियाच्या सिगमंड ल्युबिन यांनी तेही करविले. त्यांच्याकडे नोकरीस असलेल्या फ्रेड बाल्शोफर यांनी, मेलिएस यांची चिन्हे झाकण्याचे काम आपल्याला करावे लागे, असे पुढे आठवणींत नमूद केले आहे.

कायद्याचा आधार डळमळीत होता. एडिसन यांनी ल्युबिन यांच्यावर लावलेल्या दाव्यात, प्रत्येक चौकटीची स्वतंत्र नोंदणी हवी, असा निर्णय खालच्या न्यायालयाने दिला. वरिष्ठ न्यायालयाने १९०३ मध्येच तो फिरवून संपूर्ण फिल्म एक छायाचित्र मानली. त्याच वर्षी मेलिएस यांनी आपले बंधू गास्तों यांच्याकरवी न्यूयॉर्कला कचेरी उघडली. अमेरिकन कायद्यात चित्रपटाला स्वतंत्र वर्ग मिळाला तो १९१२ मध्ये.

पुढे चिन्ह भिंतीवरून उतरले आणि शीर्षकपाटीवर स्थिरावले. याचे सारे श्रेय कायद्याला देणे मात्र युक्त नव्हे. चित्रपट दीर्घ होऊ लागले, प्रेक्षक कथेत रमू लागला. अशा वेळी नायिकेच्या मस्तकामागे लटकणारी व्यापारी मुद्रा रसभंग करणारच. चोरापेक्षा कथेनेच तिला हुसकावले, असे मानावयास जागा आहे. ज्या फिल्मांची शीर्षके गहाळ झाली आहेत, त्यांचा निर्माता ओळखताना संग्रहालयांतील अभ्यासक आजही प्रथम भिंतीवरचा तो कोंबडा किंवा ती दोन अक्षरे शोधतात.