प्लेग, दाखला आणि साताऱ्याचा कामकरी

४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथरोगांविषयीचा कायदा संमत केला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला साथ आटोक्यात आणण्यासाठी वाटेल तो नियम करण्याची, आगगाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाला थांबवून तपासण्याची आणि संशयिताला वेगळे ठेवण्याची मुभा दिली. नियम मोडणाऱ्यास शिक्षा ठरवली आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनाचे नियम काढले ते याच कायद्याच्या आधारे. सव्वाशे वर्षांच्या अंतराने एकाच कायद्याखाली जगलेल्या दोन पिढ्यांचा विचार एकत्र करावा, असे आम्हांस वाटते. परगावी पोटासाठी जाणारा माणूस, त्याची नोकरी आणि त्याच्या दंडावर टोचली जाणारी लस हे तीन प्रश्न आज जगभर एकाच दमात वादले जातात. आपल्याकडे ते १८९७ मध्येच एकत्र आले होते, आणि त्या वेळी त्यांच्या मध्यभागी जो माणूस उभा होता तो बऱ्याच अंशी सातारा जिल्ह्याचा होता.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. कृष्णाकाठची काळी जमीन सोडली तर माण, खटाव, खानापूर हा सगळा अवर्षणाचा पट्टा आणि जावळी, पाटण हा डोंगराळ मुलूख. दोन्हीकडे शेती पोटाला पुरत नसे. १८९०च्या सुमारास पुण्याहून कोरेगाव, कऱ्हाड, मिरजेवरून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि मुंबईची वाट सोपी झाली. गिरण्यांतला सर्वांत मोठा भरणा रत्नागिरीकरांचा असला, तरी घाटावरून येणाऱ्यांत सातारकर पुष्कळ होते. ही माणसे मुंबईत राहत, पण मुंबईची होत नसत. बायकामुले गावी, जमिनीचा तुकडा गावी, पेरणीला आणि जत्रेला फेरी. नोकरी लावून देणारा मुकादम बहुधा गावचा किंवा भावकीतला. शहराने त्यांना 'घाटी' हे नाव दिले. आज ज्याला आपण स्थलांतरित कामगार म्हणतो त्याचे हे पहिले मराठी रूप होय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. १८९१च्या शिरगणतीप्रमाणे शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली असा अंदाज सांगितला जातो. गिरण्यांना माणसे मिळेनात, तेव्हा मालकांनी मजुरी रोजच्या रोज चुकती करण्याची तयारी दाखवली आणि नाक्यानाक्यावर कामगारांचा लिलाव होऊ लागला. दुसरीकडे युरोपातील बंदरे मुंबईच्या मालाला दार बंद करतील ही धास्ती होती. त्याच वर्षी व्हेनिस येथे या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सरकारची घाई आणि सक्ती समजून घ्यायची तर रोगाच्या भीतीइतकीच व्यापाराची ही भीती ध्यानात ठेवायला हवी.

कामकऱ्याने आपले मत पहिल्यांदा हाताने नोंदवले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हे त्याचे कारण. पुढे ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत दंगल उसळली, तिची ठिणगी उत्तरेकडून आलेल्या मुसलमान विणकरांच्या वस्तीत पडली. घाटावरून आलेला मराठा आणि उत्तरेतून आलेला जुलाहा, दोघेही त्या शहरात उपरे होते आणि दोघांच्याही खोलीत सारख्याच रीतीने शिरले जात होते. याची नोंद सरकारी अहवालांत दंगा म्हणून आहे, मत म्हणून नाही.

मत म्हणून जे नोंदले गेले ते पुण्याच्या वृत्तपत्रांतले. येथे आपण सनातनी किंवा स्थितिवादी म्हणतो त्या विचाराकडे वळले पाहिजे. १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला तेव्हा त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की समाजाने आपली सुधारणा आपण करावी, परक्या सरकारने कायद्याच्या बळावर ती घरात घुसवू नये. त्यांचे एकेकाळचे सहकारी आगरकर यांना हे मान्य नव्हते. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेला हा माणूस १८९५ मध्ये गेला, म्हणून प्लेगच्या वेळी त्याने काय लिहिले असते हा प्रश्न प्रश्नच राहतो. पण वादाची मांडणी तयार होती. १८९७ मध्ये ती जशीच्या तशी प्लेगला लागू झाली.

आणि ती लागू व्हायला माणूसही तसाच मिळाला. पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून नेमलेला रँड हा त्याआधी सातारा जिल्ह्यात अधिकारी होता. १८९४ मध्ये वाईच्या प्रतिष्ठित हिंदू नागरिकांना मिरवणुकीत वाद्ये वाजवल्याच्या प्रकरणी त्याने तुरुंगात पाठवले होते. म्हणजे पुण्यात पाऊल टाकण्याआधीच कृष्णाकाठी त्याची कीर्ती झालेली होती. १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्यांनी पुण्यातील घरे तपासली. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली काही सुटले नाही. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली.

टिळकांच्या भूमिकेचे सरधोपट वर्णन 'प्लेगच्या उपायांना विरोध' असे केले जाते. ते बरोबर नाही. रोग्याला वेगळे ठेवले पाहिजे हे त्यांना मान्य होते. त्यांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला, स्वतः शहर सोडले नाही, आणि जे पुढारी पळून गेले त्यांना 'केसरी'तून धारेवर धरले. त्यांचा आक्षेप उपायाच्या रीतीवर आणि उत्तरदायित्व नसलेल्या सत्तेवर होता. तेव्हाच्या सनातनी युक्तिवादाचे दोन धागे अशा रीतीने वेगळे करता येतात. पहिला : ज्याच्यावर उपाय करायचा त्याची संमती घ्या, त्याच्याच माणसांच्या हातून करा. दुसरा : आमचे सोवळे, आमचा पडदा, आमची जात इस्पितळाच्या दारातही शाबूत राहू द्या. पहिला धागा आजही तुटलेला नाही आणि तुटू नये. दुसऱ्याची भलामण करण्याचे कारण नाही. मात्र हे दोन धागे एकाच वाक्यात विणलेले असतात, आणि जुने अग्रलेख शिकवताना ते सोडवून दाखवणे हे आपले काम आहे.

लशीचा प्रश्न याच काळातला. हाफकिन यांनी भायखळ्याला प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा घेतली. देवीच्या लशीची सक्ती मुंबईत १८७७च्या कायद्याने आलेली होती, तशी सक्ती प्लेगच्या लशीला कायद्याने झाली नाही. पण दाखला होता. टोचून घेतलेल्याला कागद मिळे आणि तो दाखवणाऱ्याला विलगीकरणाच्या काही बंधनांतून सूट मिळे. लस ऐच्छिक, पण लशीवाचून हालचाल अवघड, ही आपल्या ओळखीची युक्ती तेव्हाची आहे. टोचल्यावर ताप येई, अंग धरे. पगारी कारकुनाला तो एक दिवसाचा त्रास. रोजंदारीवाल्याला ती बुडालेली मजुरी. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एका दूषित बाटलीतून लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली, तेव्हा भीतीला आधार मिळाला. पुढे चौकशीनंतर हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला, पण भीती तितक्या लवकर दूर झाली नाही.

प्लेग आगगाडीने साताऱ्यात पोचला तो परतणाऱ्या मुंबईकरांबरोबर. १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाबारा लाखांवरून साडेअकरा लाखांच्या खाली आली. त्यात दुष्काळाचाही वाटा होता, तरी प्लेगचा हात मोठा होता. गावांनी काय केले? घरात उंदीर मरून पडला की गाव माळावर झोपड्या घालून राहायला जाई. कोणी सांगितले म्हणून नव्हे, मागल्यांच्या अनुभवाने. सरकारी पथके त्या वेळी माणसांना पकडत होती आणि भिंतींवर कार्बोलिक फवारत होती. १८९८ मध्ये सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदराच्या पिसवेचा सिद्धांत मांडला, पुढच्या दशकात मुंबईच्या संशोधन आयोगाने तो पक्का केला, आणि मग कळले की घर सोडण्याची रीत शास्त्राला धरून होती. परंपरेत साठवलेले शहाणपण म्हणून स्थितिवादी ज्याचा उल्लेख करतात त्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पण मुंबईच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा जण राहणाऱ्याला सोडायला घर नव्हते आणि जायला माळ नव्हता. परंपरेचे शहाणपण ज्याच्यापाशी जमीन आहे त्याच्याच उपयोगी पडले.

याच वर्षी दोन मृत्यू झाले. गिरणीकामगारांची पहिली संघटना उभारणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेले. सुमारे एका महिन्याने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्याजवळ त्याच कामात गेल्या. सावित्रीबाई नायगावच्या, आणि जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, दोन्ही साताऱ्यातली. सरकारने रोग्याला शिपायाकरवी नेले, सावित्रीबाईंनी त्याला आपल्या मुलाच्या दवाखान्यात आणले. संमती आणि उपचार यांत वैर नाही हे ज्यांनी दाखवले ते ना सरकार होते ना सनातनी, आणि आपल्या चर्चेत त्यांनाच सर्वांत कमी जागा मिळते.

नंतरची कथा आम्ही थोडक्यात सांगतो. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, 'मार्मिक'मधून दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या आणि कालचा 'घाटी' आज भूमिपुत्र झाला. आपल्या नोकरीवर बाहेरचा माणूस बसला आहे, हा युक्तिवाद ज्यांनी आपलासा केला त्यांचे आजे-पणजे त्याच शहरात बाहेरचे होते. त्याच दशकात पाटण तालुक्यातून मुंबईच्या बाजारात ओझी वाहायला आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. नोकरीचे संरक्षण बाहेरच्याला हाकलूनही मागता येते आणि कामाचे नियम बांधूनही. साताऱ्याच्या माणसाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. विटा, खानापूर, आटपाडी भागांतील गलाई बांधव, जे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत, ते आणि मुंबईचे चाकरमाने गावाकडे निघाले. अनेक गावांनी वेशीवर लाकडे टाकून आपल्याच माणसांना अडवले, शाळेत चौदा दिवस ठेवले. १८९७ मध्ये रेल्वे स्थानकावर सरकारी डॉक्टर जे करत होता, ते आता भावकी करत होती. पुढे लस आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मुंबईच्या लोकलचा पास मिळू लागला. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसाला लस खुली झाली होती १ मेपासून. त्याच महिन्यात टंचाईमुळे राज्यात या वयोगटाचे लसीकरण थांबवावेही लागले. कोविशिल्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचे अंतर होते. हा हिशेब मांडला म्हणजे दिसते की कोविशिल्ड घेणाऱ्या ज्या तरुण कामगाराला पहिल्या काही दिवसांतच लस मिळाली नाही त्याला १५ ऑगस्टला पास मिळणे शक्य नव्हते. त्याने लस नाकारली नव्हती. त्याची पाळी आली नव्हती.

२७ नोव्हेंबर २०२१च्या आदेशाने राज्यातील आस्थापनांत काम करणाऱ्यांना व येणाऱ्यांना पूर्ण लसीकरण आवश्यक केले. नियम मोडल्यास व्यक्तीला ५०० आणि आस्थापनेला १०,००० रुपये दंड. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला : कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधने घालू शकते, पण ती प्रमाणात हवीत, आणि तेव्हाच्या माहितीवरून लस न घेतलेल्यांवरची बंधने प्रमाणात ठरत नाहीत. खाजगी संस्थांनीही आपले आदेश तपासावेत, असे न्यायालयाने सुचवले. टिळकांच्या युक्तिवादातील पहिला धागा एकशेपंचवीस वर्षांनी राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात असा सापडतो. लशीच्या धोरणाला मात्र न्यायालयाने मनमानी म्हटले नाही, हेही विसरता कामा नये.

या सर्वांतून आम्हांस एवढेच म्हणायचे आहे. आपल्या सनातनी परंपरेने संमतीचा प्रश्न विचारला याचे श्रेय तिला द्यायला हवे. पण तिने तो आपल्या घराच्या उंबरठ्यापुरता विचारला. ज्याला परगावी घर नाही, ज्याचा उंबरठा भाड्याचा आहे, त्याची संमती तिच्या गणतीत आली नाही. सुधारकी परंपरेने लोकहिताचा प्रश्न विचारला आणि ताप आल्यावर मजुरी कोण देणार हे विचारायला ती विसरली. सक्तीचा कोणताही नियम समोर आला, मग तो शिपायाचा असो वा दाखल्याचा, तर तो अग्रलेखातल्या माणसाच्या बाजूने वाचण्याआधी पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाच्या बाजूने वाचून पाहावा. त्याने स्वतः लिहिलेले काही फारसे उरलेले नाही. त्याचे मत शोधायचे तर शिरगणतीच्या तक्त्यांत, दंग्याच्या अहवालांत आणि रिकाम्या झालेल्या गिरण्यांच्या हजेरीपटांत शोधावे लागते. इतिहासाच्या आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते शोधावे.