परक्याची नोंद

जुन्नरच्या डोंगरांतली लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. शिवनेरी चढताना किंवा लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला जाताना ती दिसतातच. पण भिंतींवरचे ब्राह्मी लेख समजून घ्यायला आपण सहसा थांबत नाही. जुन्नर परिसरातल्या या लेखांत काही दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. त्या काळी कोकणच्या बंदरांतला माल नाणेघाटाने वर येत असे आणि मालाबरोबर माणसेही येत. ही माणसे परकी होती, पण त्यांची नावे दगडात राहिली. परमुलखातून आलेल्या माणसाची आपल्या भागातली ही फार जुनी नोंद.

‘नोंद’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. परगावी गेलेल्या माणसाला हक्क मिळतात की नाही, हे बहुतेक वेळा त्याची कुठे नोंद आहे की नाही यावर ठरते. आणि ही नोंद कुणी आपणहून करून देत नाही, ती करून घ्यावी लागते. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना हे दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

नंतरच्या काळात वाट उलटी झाली. डोंगराकडच्या भागात पाऊस उदंड, पण जमिनीचे तुकडे लहान. भात-नाचणी निघाली की हाताला काम नसे. मग माणसे घाट उतरून मुंबईला जात. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू असाच मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याने प्राण दिले. आज डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव आहे. याच धरणाच्या पाण्याखाली ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते आंबेगावही गेले आणि आणखी काही कुटुंबांना गाव सोडावे लागले.

मुंबईत या माणसांना ‘घाटी’ म्हणत. एका गावची माणसे मिळून एक खोली घेत. पाळी संपवून एक आला की दुसरा उठून कामाला जाई. अडीअडचणीला गावकऱ्यांचे मंडळ हाच आधार असे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतल्या माणसांनी डबे पोचवण्याचा व्यवसाय याच आधारावर उभा केला. त्याची सुरुवात १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी केली, आणि १९५६ मध्ये डबेवाल्यांनी आपला नोंदणीकृत ट्रस्ट स्थापन केला.

गोदीत, बाजारपेठेत डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट होती. गिरणी कामगाराला निदान एक मालक असतो. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्याची. त्याचा मालक कोण? आजारी पडला तर जबाबदारी कोणाची? कायद्याच्या दृष्टीने तो कोणाचाच कामगार नव्हता. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी आणि पुण्यात हमाल पंचायतीच्या माध्यमातून डॉ. बाबा आढाव यांनी या माणसांना एकत्र केले. अनेक मोर्चे आणि संप झाले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला.

या कायद्यातली युक्ती साधी होती. एकच मालक सापडत नसेल तर सगळ्या मालकांना एका मंडळात आणायचे. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी त्या मंडळावर बसतात. हमालाची नोंद मंडळाकडे होते, व्यापाऱ्याचीही होते. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, औषधोपचार यांची सोय होते. काल ज्याला कुणी नावाने ओळखत नव्हते, त्याला नोंदणी क्रमांक मिळाला.

पण कायदा झाला म्हणजे काम संपले असे होत नाही. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधिमंडळात आले. माथाडीच्या नावाखाली उद्योगांकडून पैसे उकळणाऱ्यांना आवर घालायचा आहे, असे सरकारचे म्हणणे होते. ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. यंत्राच्या मदतीने होणारे काम वगळले तर खऱ्या कष्टकऱ्याचे संरक्षणच जाईल, अशी संघटनांची भीती होती. तीही निराधार नव्हती. कामाची पद्धत बदलते तशी कायद्यातली व्याख्या बदलते, आणि एका शब्दाच्या फेरफाराने हजारो माणसे कायद्याच्या आतून बाहेर जाऊ शकतात.

आता आपल्या गावांकडे पाहू. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने इथली शेती पालटली आणि कामासाठी बाहेरून माणसे येऊ लागली. जुन्नरमधल्या विघ्नहर आणि आंबेगावमधल्या भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या परिसरात गळिताच्या हंगामात कोयते दिसतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर निघतात ते मुकादमाकडून उचल घेऊन. तोडणी उसाच्या शेतकऱ्याची, गाळप कारखान्याचे, करार मुकादमाशी. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, मालक कोण?

परप्रांतीय मजुरांसाठी १९७९ मध्ये केंद्राने कायदा केला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. स्वतःहून परराज्यात कामाला गेलेला मजूरही आता व्याख्येत आला, हे चांगले झाले. मात्र पूर्वी पाच परप्रांतीय मजूर असले तरी कायदा लागू होई, आता ती मर्यादा दहा आहे, आणि विस्थापन भत्त्याची जुनी तरतूद राहिलेली नाही. शिवाय बीडहून आंबेगावला येणारा मजूर राज्याची सीमा ओलांडतच नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने पालात राहूनही या तरतुदींच्या लेखी तो स्थलांतरित नाहीच!

ऊसतोड मजुरांच्या संघटनांनी दरासाठी अनेकदा संप केले. २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने त्यांच्यासाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे पुढे ठरले. गावोगाव नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचेही ठरले. हा निधी योग्य जागी पोचायचा तर आधी नाव वहीत यायला हवे.

आणि ते काम सगळेच मुंबईतून व्हायला हवे असे नाही. हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात किती पाले पडली, त्यात मुले किती, शाळेच्या वयाची किती, गरोदर बाई आहे का, रेशनकार्ड इथे चालते का, एवढी नोंद ग्रामपंचायतीला एका दिवसात करता येईल. शाळेला, अंगणवाडीला, रेशन दुकानदाराला ती देता येईल. आपले आजोबा-पणजोबा मुंबईच्या खोलीत दाटीवाटीने राहिले, तेव्हा त्यांची विचारपूस करणारे गावकऱ्यांचे मंडळ तिथे होते. उसाच्या फडात आलेल्यांना इथे मंडळ नाही. त्यांच्यासाठी निदान एक वही तरी आपल्या गावात उघडली जावी.