शंभुनाथ डे यांचे मार्क

आमच्या पुतणीची मुलगी एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. मध्यंतरी ती एक अर्ज भरत होती. त्यात आपले शोधनिबंध किती, त्यांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला आणि ‘एच-इंडेक्स’ किती, असे रकाने होते. मी म्हटलं, हे काय प्रकरण? ती हसून म्हणाली, "आजोबा, हे आमचे मार्क!"

आता जन्मभर पेपर तपासलेल्या माणसाला मार्क म्हटल्यावर चैन पडतं का? लागलो वाचायला.

एच-इंडेक्सचं गणित सातवीच्या मुलालाही कळेल. तुमच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला असेल, तर तुमचा आकडा दहा. हे काढलं हर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने, २००५ साली. गंमत बघा, ज्याने पाचच निबंध लिहिले त्याचा आकडा पाचाच्या वर जाऊच शकत नाही. मग त्यातल्या एकाने जग का हलवलेलं असेना!

पण उल्लेख मोजण्याची मूळ कल्पना हर्शची नाही. ती युजीन गारफिल्डची, १९५५ सालची. आणि तिचा हेतू कुणाला मार्क देण्याचा नव्हताच. अमेरिकेतल्या वकिलांकडे एक सूची असे. जुन्या निकालाचा आधार पुढे कुठल्या खटल्यांत घेतला गेला, ते तिच्यात सापडे. गारफिल्ड म्हणाला, विज्ञानाचंही असंच करू. एक जुना निबंध हातात घ्यायचा आणि पुढे कोणी कोणी त्याचा धागा उचलला ते शोधायचं. म्हणजे ग्रंथपालाचं काम, परीक्षकाचं नव्हे. जोशुआ लेडरबर्ग या नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाला ही कल्पना फार आवडली. १९५९ साली त्याने गारफिल्डला पत्र लिहून पाठिंबा दिला आणि पुढे १९६० च्या दशकात ही सूची छापून निघाली. लेडरबर्गचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

त्याच १९५९ च्या मे महिन्यात ‘नेचर’ साप्ताहिकात कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांचा एक छोटासा लेख आला. विषय पटकी, म्हणजे कॉलरा. (माझ्या लहानपणी पंढरीला निघालेल्यांना पटकीची सुई टोचत. दंडाला सूज आणि ताप घेऊन म्हातारी माणसं चालत जायची.)

पटकीचा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असं रॉबर्ट कॉखने १८८४ सालीच म्हटलं होतं. पण ते विष कोणाला दाखवता येईना. डे यांनी युक्ती साधी केली. सशाच्या आतड्याचा एक तुकडा पोटातच दोन्हीकडून बांधायचा आणि त्यात जंतू सोडायचे. तुकडा पाण्याने टम्म फुगायचा. हे त्यांनी १९५३ साली दाखवलं. मग १९५९ साली जंतू वाढवलेला द्रव गाळून, एकही जंतू न ठेवता, नुसतं गाळलेलं पाणी आत सोडलं. तरी आतडं फुगलं! म्हणजे जंतू नाही, जंतूने सोडलेलं विष शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. पंचाहत्तर वर्षं अडलेली गाठ सुटली.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनीही सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून पटकीच्या जंतूंतल्या विषाबद्दल लिहिलं होतं. आपल्यापैकी किती जणांनी ही नावं ऐकली आहेत? मी तरी शाळेच्या कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती.

आणि मार्कांचं काय झालं? सुरुवातीची काही वर्षं डे यांच्या लेखाकडे फारसं कोणी बघितलं नाही. १९६० साली कुणी त्यांचा आकडा काढला असता तर नापासच! नंतर परदेशात त्याच पद्धतीने कामं सुरू झाली, १९६९ साली अमेरिकेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं, आणि उल्लेख वाढत गेले. पण डे काही शेकड्यांनी निबंध लिहिणारे नव्हते, त्यामुळे हर्शच्या पट्टीवर ते आजही कुठल्याशा मधल्या पायरीवर बसतील.

मोजणीला नुसती नावं ठेवणं मात्र मला पटत नाही. कारण डे यांना उजेडात आणण्यात त्या मोजणीचाही हात आहे. खुद्द गारफिल्डने १९८६ साली पटकीवरच्या संशोधनाचा उल्लेखांवरून नकाशा मांडला आणि त्यावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच कलकत्त्याच्या डे यांचं नाव घातलं. उल्लेखांच्या वाटेने मागे मागे जाता येतं, ते यासाठीच तर होतं ना! दोष आहे तो पाच-सात वर्षांत आकडा दाखव, नाहीतर बढती नाही, असं म्हणणाऱ्यांचा. तेवढ्या वर्षांत डे यांच्या लेखालाही वाचक धड भेटले नव्हते.

आणि ज्यांना मोजायची गरजच नव्हती, डोळ्यांनी दिसायला हवं होतं, त्यांचं काय? डे हयात असताना आपल्या देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं नाही. मोठा पुरस्कारही नाही. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने मात्र पटकीवरच्या परिसंवादाला त्यांना आवर्जून बोलावलं. आणि तो लेडरबर्ग, ज्याने गारफिल्डची पाठ थोपटली होती, त्याने नोबेल पारितोषिकासाठी डे यांचं नाव एकापेक्षा जास्त वेळा सुचवलं. ते काही आकडे बघून नव्हे, काम वाचून.

डे १५ एप्रिल १९८५ रोजी गेले. गारफिल्डचा लेख त्यानंतर वर्षभराने आला. १९९० साली बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर खास अंक काढला.

मंडळी, डे यांच्यावर किंवा हाफकिनच्या त्या तिघांवर मराठीत काही चांगलं लिहिलेलं कुणाच्या पाहण्यात आलं असेल तर जरूर कळवा. विशेषतः पानसे आणि कुलकर्णी यांच्याबद्दल.