आधी कीर्द, मग खतावणी

कीर्द-खतावणी हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, त्यामुळे त्यात दोन वेगळ्या वह्या आहेत हे विसरायला होतं. कीर्द म्हणजे दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने उतरवायची वही. सकाळी गुळाची ढेप उधारीवर गेली, दुपारी कोणी मागची बाकी आणून दिली, संध्याकाळी हमालांची मजुरी चुकती केली, सगळं एकाखाली एक. खतावणीत माणसागणिक पान. कुणाकडे किती येणं, कुणाचं किती देणं हे पाहायचं तर खतावणी उघडायची. भुसार दुकानातले दिवाणजी रात्री गल्ला बंद झाला की कीर्दीतल्या नोंदी खतावणीत चढवत बसत. याला खतवणं म्हणतात. खतावणीला वाळवी लागली तर कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. उलट बाजूने तेवढ्या खात्रीने जाता येत नाही.

दोन वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये एकच माहिती क्षणोक्षणी जुळती ठेवणं, या आजच्या कामाचं कूळ मला या दोन वह्यांत दिसतं. विक्रीची नोंद मायएसक्यूएलमध्ये होते, अहवाल पोस्टग्रेसमधून निघतात, शोध घेण्यासाठी तिसरंच यंत्र असतं, आणि गिऱ्हाईकाने पत्ता बदलला तर तो सगळीकडे दोन-चार सेकंदांत बदललेला दिसायला हवा. वर्षानुवर्षं हे काम करून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण एका खतावणीतून दुसरी खतावणी उतरवत राहिलो तोवर हा प्रश्न सुटला नाही. कीर्द वाचायला लागलो तेव्हा सुटला.

कीर्द ही काही एकट्या बाजारपेठेची वस्तू नव्हती. पेशव्यांच्या दप्तरात रोजकीर्द होती आणि तिच्यात दिवसाच्या तारखेखाली जमाखर्च आणि हुकूम उतरवले जात. गणेश चिमणाजी वाड यांनी या रोजकीर्दींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून निघाले, आणि अठराव्या शतकातला महाराष्ट्र अभ्यासकांना तारीखवार दिसू लागला. तिकडे व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या गणिती धर्मगुरूने आपल्या ग्रंथात तिथल्या व्यापाऱ्यांची रीत लिहून ठेवली. तिच्यात तीन वह्या होत्या. पहिली कच्ची टिपणवही, दुसरी रोजची कीर्द, तिसरी खतावणी. कीर्दीतली नोंद खतावणीत चढली की कीर्दीत तिच्यावर रेघ मारायची, जमेला चढवली की एक आणि नावे चढवली की दुसरी, असं त्याने बजावलं आहे. ही रेघ लक्षात ठेवा. कुठपर्यंत खतवून झालं याची ती खूण आहे, आणि पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

संगणकात कीर्द आली ती भीतीपोटी. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा डेटाबेस घडत होता. वीज गेली, यंत्र मध्येच बंद पडलं, तर एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झालेच नाहीत, अशी अर्धवट स्थिती राहता कामा नये, हा पेच होता. जिम ग्रे त्या गटात होते. त्यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध टिपणांत नियम स्पष्ट मांडलेला आहे. बदललेलं पान डिस्कवर जाण्यापूर्वी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये गेलेली असली पाहिजे. म्हणजे आधी कीर्द, मग खतावणी. यंत्र पुन्हा सुरू झालं की लॉग वाचायचा, पुऱ्या झालेल्या व्यवहारांची खतावणी पुरी करायची, अर्धवट राहिलेले मागे घ्यायचे. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ते आपल्या शिडाच्या बोटीतून एकटे समुद्रात गेले आणि परत आले नाहीत.

त्याच आयबीएममध्ये आयआयटी मद्रासचे पदवीधर सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एरिज ही पद्धत मांडली. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. चुकीचा किंवा अर्धवट व्यवहार मागे घ्यायचा तर लॉगमधली जुनी नोंद खोडायची नाही. तो मागे घेतला याची नवी नोंद शेवटी लिहायची. जुन्या पेढीवरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. वहीत खाडाखोड चालत नाही, चूक झाली तर उलट नोंद करायची, हे तो पहिल्या आठवड्यातच शिकलेला असतो. ही शिस्त डेटाबेसवाल्यांनी पेढीवरून उचलली की स्वतंत्रपणे शोधली, याने मला फरक पडत नाही. हिशेब राखणारा कुठलाही माणूस शेवटी याच जागी येतो.

पण हा लॉग डेटाबेसच्या पोटात होता. बाहेरच्या कुणी तो वाचावा अशी कल्पनाच नव्हती. त्यामुळे दोन डेटाबेस जुळते ठेवायची वेळ आली तेव्हा लोकांनी बाकीचे सगळे उपाय करून पाहिले.

पहिला उपाय रात्रीच्या नकलेचा. रोज रात्री सगळं उतरवून घ्यायचं आणि सकाळी ताजं म्हणायचं. दुसरा, प्रत्येक ओळीवर शेवटच्या बदलाची वेळ ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी 'यानंतरचे बदल दे' म्हणून विचारायचं. यात पुसली गेलेली ओळ कधीच सापडत नाही, कारण जी ओळच उरली नाही तिच्यावरची वेळ कुठून वाचणार? तिसरा उपाय ट्रिगरचा. प्रत्येक बदलाबरोबर बाजूच्या तक्त्यात नोंद करायची. पोस्टग्रेससाठी २००४ साली यान वीक यांनी लिहिलेली स्लोनी याच वाटेने गेली आणि पुष्कळांना तिने तारलं, पण दर लिखाणाचं ओझं वाढायचं ते वाढायचंच.

चौथा उपाय सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो. प्रोग्रामनेच दोन्हीकडे लिहायचं. एकीकडे लिहिलं, दुसरीकडे लिहिताना नेटवर्क तुटलं. किंवा दोन माणसांनी एकाच वेळी पत्ता बदलला, एका डेटाबेसात एकाचा बदल नंतर पोहोचला आणि दुसऱ्यात दुसऱ्याचा. आता दोन्ही खतावण्या आपापल्या परीने बरोबर आहेत आणि एकमेकींशी कायमच्या विसंगत आहेत. चूक झाल्याची सूचना कुठेही येत नाही. दोन्ही बाजूंनी तयारीचा होकार घेऊन मगच व्यवहार पक्का करण्याची रीतही ग्रे यांच्या त्याच टिपणांत आहे. पण होकार दिल्यावर मध्यस्थ यंत्रच बंद पडलं, तर दोन्ही बाजू कुलूप लावून त्याची वाट पाहत बसतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे डेटाबेस असले तर हे फारच जड जातं.

लॉग बाहेरून वाचायची वाट आधी बँकांच्या कामात रुळली. टँडम कंपनीची न थांबणारी यंत्रं एटीएमच्या जाळ्यांमागे असत, आणि ती आपल्या लॉगला ऑडिट ट्रेल म्हणत, म्हणजे हिशेबतपासणीचा माग. १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या गोल्डनगेट कंपनीने हा माग वाचून बदल दुसऱ्या यंत्रावर नेण्याचं काम हाती घेतलं. २००९ मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. गोल्डनगेट मधल्या टप्प्यावर ज्या फायलींत बदल साठवतं त्यांना आजही ट्रेल म्हणतात.

खुल्या डेटाबेसांत मायएसक्यूएलने २००० च्या सुमारास एका यंत्रावरची नोंद दुसऱ्या मायएसक्यूएलने वाचण्याची सोय दिली. सुरुवातीला त्या लॉगमध्ये आज्ञा लिहिलेल्या असत. 'आत्ताची वेळ घाल', 'कुठलीही दहा माणसं निवड' अशी आज्ञा दुसऱ्या यंत्राने चालवली तर उत्तर वेगळं येणार हे उघड आहे. पुढे ५.१ आवृत्तीत ओळीगणिक नोंद आली. आधी ओळ अशी होती, नंतर अशी झाली. पोस्टग्रेसची अडचण निराळी होती. त्याचा लॉग अमुक पानावरचे अमुक बाइट बदलले एवढंच सांगणारा, तो दुसऱ्या जातीच्या डेटाबेसच्या काय कामाचा? डिसेंबर २०१४ मधल्या ९.४ आवृत्तीने त्या बाइटांतून पुन्हा ओळी वाचून दाखवायची सोय केली. या कुळकथेतला निर्णायक टप्पा मी हाच मानतो. परक्याला समजेल अशा भाषेत कीर्द वाचून दाखवली गेली.

मधल्या काळात लिंक्डइनमध्ये हाच पेच मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तिथे जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी काफ्का घडवलं आणि २०११ साली ते खुलं झालं. नारखेडे पुण्यात वाढल्या आणि पुणे विद्यापीठातून शिकल्या. काफ्का म्हणजे निव्वळ कीर्द. नोंदी एकाखाली एक येतात, खोडल्या जात नाहीत, आणि प्रत्येक वाचक आपण कुठवर आलो त्याचा आकडा सांभाळतो. पाचोलीची रेघ इथे भेटते. फरक इतकाच की एका कीर्दीवर शंभर दिवाणजी आपापल्या वेगाने खतवत बसू शकतात. त्यानंतर रेड हॅट कंपनीतून डेबेझियम आलं. वेगवेगळ्या डेटाबेसांचे लॉग वाचून ते काफ्कात ओततं. नावात डेटाबेसची आद्याक्षरं आहेत आणि मूलद्रव्यांच्या नावांना लागतो तसा प्रत्यय. मायएसक्यूएलसमोर ते चक्क 'मी तुझीच दुय्यम प्रत आहे' असं सांगून उभं राहतं, आणि मायएसक्यूएल त्याला लॉग वाचू देतं.

प्रत्यक्ष काम सुरू करताना पहिला प्रश्न येतो तो चालू वहीचा. जुन्या नोंदी कोट्यवधी आहेत, त्या उतरवायला सहा तास लागतील, आणि त्या सहा तासांत दुकान चालूच राहणार. उत्तर पेढीवरचंच आहे. आधी कीर्दीतली जागा टिपून ठेवायची, त्या क्षणाची शिल्लक पुढे ओढायची, मग टिपलेल्या जागेपासून कीर्द वाचत जायचं. मध्ये यंत्र बंद पडून एखादी नोंद दोनदा आली तरी बिघडू नये. म्हणून 'शंभर वाढव' असं न लिहिता 'शिल्लक आता पाचशे' असं लिहायचं, आणि प्रत्येक तक्त्याला प्राथमिक किल्ली असलीच पाहिजे. ती नसेल तर पुसायची ओळ कोणती हेच पलीकडच्याला कळत नाही.

दुसरा प्रश्न वाचक झोपला तर काय, हा. मायएसक्यूएल जुनी कीर्द मुदत संपली की रद्दीत घालतं. ८.० आवृत्तीत ती मुदत मूळची ३० दिवस आहे. त्यानंतर जागे झालात तर सगळं पहिल्यापासून उतरवा. पोस्टग्रेस याच्या उलट वागतं. नाव नोंदवलेल्या वाचकासाठी ते लॉग जपून ठेवतं, डिस्क भरेपर्यंत जपतं. दिवाळीच्या सुट्टीत बंद पडलेल्या एका वाचकामुळे मुख्य डेटाबेसच थांबलेला मी पाहिला आहे, आणि त्या रात्री ऑर्डर घेणाऱ्या मुलींचे चेहरे मला अजून आठवतात. २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते. ती पहिल्याच दिवशी घाला आणि वाचक किती मागे पडला आहे यावर रोज नजर ठेवा.

तिसरा प्रश्न दोन घरांच्या रीतींचा. मायएसक्यूएलच्या जुन्या तक्त्यांत शून्य वर्ष, शून्य महिना, शून्य दिवस अशी तारीख सापडते आणि पोस्टग्रेस ती घेत नाही. ओरॅकल रिकामा मजकूर आणि माहितीच नसणं यांत भेद करत नाही, पोस्टग्रेस करतं. हे तक्तागणिक, रकान्यागणिक आधी ठरवावं लागतं. कुठलंही साधन तुमच्यासाठी हे ठरवत नाही.

आणि चौथा प्रश्न आपल्या लिपीचा. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ या नावाने जी जुनी सोय आहे ती अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देते. देवनागरीला तीनच लागतात, म्हणून मराठी तक्ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात आणि कुणाला शंका येत नाही. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, ती चार बाइटांच्या प्रदेशात. तेव्हा डेटाबेस जोडण्याआधी त्यातला प्रत्येक रकाना चार बाइटांच्या सोयीवर आणा. पेशव्यांची रोजकीर्द ज्या अक्षरांत लिहिली गेली, ती अक्षरं जुन्या तक्त्यात मावत नाहीत.