म्हादईच्या काठी: नार्व्याचा देव आणि चोडणचे पाणपक्षी

आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात देगाव नावाचे खेडे आहे. म्हादई तिथे उगम पावते आणि गोव्यात सत्तरीतून उतरत पुढे मांडवी म्हणून समुद्राला मिळते. (कित्तूरजवळचे कमलनारायणाचे देगाव ते हे नव्हे, पुष्कळांची गल्लत होते.) पाणीतंट्याविषयी वर्गात बोलत असताना नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग नदी कुणाची?" मी लवादाच्या २०१८ च्या निवाड्यातले आकडे फळ्यावर लिहिले: कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. मुलाने ते निमूटपणे उतरवून घेतले. त्याचे समाधान झाले नाही हे मला कळत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

त्याच हिवाळ्यात दोन दिवस सवड काढून मी चोडण आणि नार्वे पाहून आलो. पक्षी पाहावेत, थोडी शांतता मिळावी, एवढाच हेतू होता.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. त्याच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे. वाघ-बिबट्यांच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशाच व्हायची. भरतीची वेळ साधून होडी कांदळाच्या बोळांतून आत शिरते आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज मागे पडतो. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. खंड्या मुळावरून सुटला आणि निळी रेघ ओढून गेला. बगळे होते, वर ब्राह्मणी घार होती. होडीवाल्याने वल्हे थांबवून बोट दाखवले तेव्हा ज्याला मी ओंडका समजलो होतो, ती मगर निघाली.

पण ही निसर्गशोभा निव्वळ निसर्गाची नाही, हे काठावरची शेती पाहताना ध्यानात येते. गोव्याच्या या खाजन जमिनी शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी बांध घालून खाडीकडून मिळवल्या. बांधात 'मानस' असते. तिची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात. ना यंत्र, ना वीज. पावसाने मिठाचा अंश धुऊन नेला की आत खारेपणा सोसणारे 'कोरगुट' भात करायचे आणि कापणीनंतर मासळी धरायची. मात्र बांध फुटला आणि तो वेळीच सांधला नाही, तर शेतात खारे पाणी शिरते, पाठोपाठ कांदळ उगवते. पाखरांना जे घर, ते शेतकऱ्याचे बुडालेले शेत असू शकते. फोंडा महालात बोरी-दुर्भाटकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, ती बांध राखावा म्हणून. पाणी काय करू शकते, हे तिथल्या माणसांनी ओळखले होते.

चोडणहून मयेवरून नार्व्याला जाता येते. नारळी-पोफळीच्या सावलीत सप्तकोटेश्वराचे बसके, कौलारू देऊळ आहे, पुढे दीपस्तंभ. हा गोव्याच्या कदंबांचा कुलदेव. त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख ते बिरुद म्हणून नाण्यांवर करीत. या राजांची एक राजधानी गोव्यात आणि दुसरी आमच्या खानापूर तालुक्यात हलशीला. त्यांचे लेख संस्कृतातही आहेत आणि कन्नडातही. भाषेवरून एकमेकांकडे तिरके पाहणाऱ्या आम्हा सीमाभागातल्या लोकांनी हे जरा आठवून पाहावे.

देवाचे मूळ स्थान समोरच्या दिवाडी बेटावर. बहमनी काळात तिथले देऊळ पडले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभे केले. १५१० नंतर बेटे पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि सोळाव्या शतकात देऊळ पुन्हा उद्ध्वस्त झाले. लिंग विहिरीच्या कामाला लावले होते, तिथून ते डिचोलीच्या सूर्यराव सरदेसायांनी रातोरात नदीपार आणले, असे परंपरा सांगते. नदीच्या या बाजूला पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. डिचोली त्यांच्या ताब्यात गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. दोन-तीनशे हातांच्या पाण्याने तेव्हा दोन जगे वेगळी केली होती. गंमत म्हणजे देवाबरोबर गावाचे नावही नदी उतरून आले. दिवाडीवरही नार्वे आहे आणि इकडेही नार्वेच.

शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, म्हणजे नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे देवालयाचे काम सुरू केले. तसा शिलालेख दारावर आहे. पुढे १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या माणसांनी जवळच्या जुवे बेटावरचा कोट रात्री घेतला, तोही ओहोटी साधून. चोडणला होडीवाल्याने मला भरतीची वेळ विचारून घ्यायला सांगितले, ते तेव्हा आठवले.

संध्याकाळी नार्व्याच्या धक्क्यावर दिवाडीच्या फेरीची वाट पाहत उभा होतो. गोकुळाष्टमीला या काठावर स्नानासाठी माणूस मावत नाही. त्या दिवशी मी, दोन मासेवाल्या बाया आणि खांबावर एक बगळा. पाणी वर चढत होते, म्हणजे समुद्राकडून येत होते. वरून येणारे गोडे पाणी जितके कमी, तितके हे खारे पाणी आत येणार. मग खाजनातले भात, कांदळ, मासळी सगळ्यांचाच हिशेब बदलणार. फळ्यावरच्या आकड्यांत हे कुठे दिसत नव्हते.

फेरीवरच्या खलाशाने विचारले, "खंयचे तुमी?"

"खानापूरचा."

"म्हणजे न्हंय येता थंयचे!" तो हसला आणि साखळी सोडता सोडता म्हणाला, "मागीर उदक सोडात हां!"

मी "हो" म्हणालो. कुणाच्या वतीने म्हणालो ते मला ठाऊक नाही. बोट सुटली तसा बगळा उडाला आणि आमच्याआधी दिवाडीला पोहोचला.