मृगापूर्वीची तजवीज

पावसाळ्याची तयारी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें मृग नक्षत्र उभें राहतें. जूनच्या ७-८ तारखेस मृग लागावयाचा. तेव्हां त्यापूर्वीं घर शाकारून घ्यावें, सरपण कोरड्या जागीं रचावें, धान्यमिठाची बेगमी करावी, ही रीत इतकी जुनी आहे कीं ती कोणीं घालून दिली हें सांगतां यावयाचें नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत पुण्याजवळच्या उद्योगनगरीवर जे प्रसंग आले, ते पाहतां या रीतीचा नव्यानें विचार केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या कांठीं मोशी हें गांव आहे. पुणें-नाशिक रस्ता त्याच्या मधून जातो. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर कारखाने उभे राहूं लागले आणि पुढें ते चाकणपर्यंत पसरले. १९९७ सालीं मोशी गांव पिंपरी-चिंचवड महापालिकेंत समाविष्ट झालें. शेतांच्या जागीं पत्र्याच्या शेडी आल्या, उंच इमारती आल्या आणि रस्त्याच्या कडेला लोखंडी सांगाड्यांवर चढविलेले जाहिरातींचे प्रचंड फलकही आले.

१६ मे २०२४ रोजीं सोसाट्याच्या वाऱ्यानें मोशींत असाच एक फलक कोसळला. खालच्या वाहनांचें नुकसान झालें. सुदैवानें माणूस कोणी दगावलें नाहीं. त्याच्या तीनच दिवस आधीं मुंबईस घाटकोपर येथें पेट्रोल पंपावर फलक पडून १७ माणसें मेलीं होतीं. त्याहीपूर्वीं, १७ एप्रिल २०२३ रोजीं, याच महापालिकेच्या हद्दींत किवळे येथें महामार्गालगत पांच जण प्राणांस मुकले. वारापाऊस सुरू झाला म्हणून तीं माणसें आडोशाला थांबलीं होतीं आणि फलक नेमका त्या आडोशावर पडला. ३ जून २०२० चें निसर्ग चक्रीवादळ तर अलिबागजवळ किनाऱ्यास लागून, घाट ओलांडून, मावळ-खेडांतील घरांचे पत्रे उडवून गेलें.

आतां या तारखा एका ओळींत मांडून पाहाव्या. चैत्र, वैशाख, ज्येष्ठाचा पूर्वार्ध. मृगानंतरची यांत एकही नाहीं. वादळाची गोष्ट निराळी. परंतु वळिवाचा स्वभावच असा आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, ढगांचे डोंगर उभे राहतात, आणि पावसाबरोबर थंड हवा एकदम खालीं कोसळून जमिनीवर चौफेर पसरते. म्हणून सरींच्या आधीं वारा येतो. जो व्यापारी, जो कारखानदार किंवा जें नगर मृगाची तारीख धरून तयारीस लागतें, त्याला निदान वाऱ्यापुरता तरी उशीर झालेलाच असतो.

पाण्याविषयीं आपली स्मृति तीव्र आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेनें पुण्याच्या पेठांत शिरून घरें-दुकानें धुऊन नेलीं. तो दिवस पुणेंकर विसरले नाहींत. नद्यांच्या कांठीं आज पूररेषा आंखल्या जातात. वाऱ्याची मात्र अशी रेषा डोळ्यांस दिसत नाहीं. वस्तुतः त्याचेंही गणित तयार आहे. भारतीय मानकांत पुण्यासाठीं वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १४० किलोमीटर, धरला आहे. चाळीस फूट लांब व वीस फूट उंच अशा फलकावर या वेगाचा वारा समोरून आला, तर साध्या हिशेबानें जवळजवळ सात टनांचा रेटा बसतो. आणि वेग दुप्पट झाला कीं रेटा चौपट होतो. रिकामा, उंच कंटेनर ओढणाऱ्या ट्रकचालकासही हाच हिशेब लागू आहे.

उणीव ज्ञानाची नव्हे, नेमणुकीची आहे. १७१५ च्या सुमारास लिहिलेलें रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. पावसाळ्यांत तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावें, तोफांचे काने मेणानें बुजवावे, वर आच्छादन घालावें. दारू ठराविक दिवसांनीं हवालदारानें स्वतः बाहेर काढवून उन्हांत घालावी व पुन्हा मोहोर करून ठेवावी. आरमार पर्जन्यकाळापूर्वींच सुरक्षित बंदरांत छावणीस न्यावें. "सर्वांनीं काळजी घ्यावी" असें मोघम सांगून अमात्य थांबत नाहींत. काम कोणतें, तें केव्हां आणि कोणीं करावयाचें, हें ते बजावून सांगतात.

आज हवामान खातें वादळाची सूचना पिवळ्या, नारिंगी, तांबड्या रंगांनीं देतें. त्या खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरची ती इमारत अजून शिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते. म्हणजे सूचनेचें घर आपल्या शेजारींच आहे. परंतु सूचना आल्यावर शेडीचे सैल पत्रे कोणीं आवळावयाचे, फलकाच्या सांगाड्याचा गंज कोणीं पाहावयाचा, रिकामी उंच वाहनें कोणीं थांबवावयाचीं, हें जोंवर प्रत्येक कारखान्यांत आणि आगारांत नांवानिशीं ठरलेलें नाहीं, तोंवर रंग नुसता रंगच राहणार. हीं कामें पाडव्यापर्यंत उरकावीं, असें आमचें मत आहे.

आणि एक गोष्ट तर पैशाशिवाय होण्यासारखी आहे. किवळ्याचीं माणसें निष्काळजीपणानें मेलीं नाहींत. तीं आडोसा शोधीत होतीं. मोशी-चाकणच्या रस्त्यावर पाळी सुटण्याच्या वेळीं वळीव आला, तर दुचाकीवरचा कामगार जवळ जें छप्पर दिसेल त्याखालीं उभा राहतो. तें छप्पर कीं फांस, हें पाहण्यास त्याला सवड नसते. अशा वेळीं कारखान्यानें पाळी अर्धा तास थांबवावी, दुकानदारानें दार लोटून न घेतां आंत बोलवावें. पूर्वीं वाटसरूस पावसांत ओसरी मोकळी असे. आतां ओसऱ्या गेल्या. पण दारें आहेत, आणि तीं उघडतां येतात.